स्वतःची तसबीर : नाण्यापासून डीपीपर्यंत

समोर नसलेल्या माणसास आपली ओळख कशानें पटवावी, हा प्रश्न मनुष्य समाज करून राहूं लागला तेव्हांपासूनचा आहे. समोरासमोर भेट झाली म्हणजे चेहरा, आवाज, चालण्याची ढब आणि पोशाख हीं सारीं आपापली साक्ष देतात. परंतु मध्यें अंतर आलें कीं या सर्वांचें काम एखाद्या खुणेवर सोंपवावें लागतें. ही खूण कधीं नांवाची असते, कधीं मुद्रेची, कधीं हस्ताक्षराची, तर कधीं प्रत्यक्ष चेहऱ्याच्या प्रतिकृतीची. आज कोट्यवधि लोकांच्या मोबाइलवर नांवाशेजारीं जें एक लहानसें वर्तुळाकार चित्र दिसतें, आणि ज्यास मराठी घरांतून सर्रास ‘डीपी’ म्हणतात, तें याच जुन्या खुणेचें अगदीं अलीकडील रूप होय. वरवर पाहतां हा केवळ हौसेचा विषय वाटतो. परंतु आपली तसबीर कोणीं निवडावी, ती कोणीं पाहावी आणि तिजवर सत्ता कोणाची, असे तीन प्रश्न त्या इवल्या वर्तुळांत सांठविलेले आहेत. आणि या प्रश्नांना दोन हजार वर्षांचा इतिहास आहे.

‘प्रोफाइल’ हा शब्द इंग्रजी भाषेंत इटालियन भाषेवरून आला. त्याचा मूळ अर्थ बाह्यरेषा, आणि त्यावरून एका बाजूनें दिसणाऱ्या चेहऱ्याची आकृति असा झाला. या मूळ अर्थानें पाहूं गेल्यास, महाराष्ट्राच्या भूमींत अशा आकृतींचा फार मोठा ठेवा १९०६ सालीं हातीं आला. नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें क्षत्रप नहपान याचीं सुमारें १३,००० चांदीचीं नाणीं सांपडलीं. त्यांच्या एका अंगास राजाचा बाजूनें दिसणारा चेहरा आहे आणि भोंवतीं ग्रीक लिपींत त्याचें नांव आहे. मौज अशी कीं, सर्व नाण्यांवर नांव एकच असूनहि चेहरे मात्र एकमेकांशीं पुरते जुळत नाहींत. त्याहून बोलकी गोष्ट ही कीं, यांतील बहुसंख्य नाण्यांवर नहपानास जिंकणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा वरून मारलेला आहे. नाणीं वितळवून नवीं पाडणें त्यास अशक्य नव्हतें. परंतु जुन्या चेहऱ्यावरच नवी खूण उमटविल्यामुळें, नाणें ज्याच्या हातीं जाईल त्यास कोण गेला आणि कोण आला हें एकदम कळत असे. पुढें सातवाहन राजांनीं स्वतःच्या चेहऱ्याचीं चांदीचीं नाणीं पाडलीं. दुसऱ्याची तसबीर पुसणें आणि आपली पुढें करणें, या दोन्ही क्रियांचा राजसत्तेशीं किती निकट संबंध होता, हें यावरून ध्यानांत येईल.

जुन्नरजवळील नाणेघाटांत याची दुसरी बाजू पाहावयास मिळते. तेथील लेण्यांत सातवाहन राजकुलांतील व्यक्तींच्या आकृति भिंतींत कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर तिचें नांव लिहिलें होतें. सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका हीं नांवें आजहि वाचतां येतात. आकृति मात्र नष्ट झाल्या आहेत. कोठें कोठें पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. चेहरा गेला आणि नांव राहिलें. मराठेशाहीनें तर ओळखीचा सारा भार प्रथमपासूनच अक्षरांवर टाकला होता. शिवछत्रपतींच्या सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर राजाचा चेहरा नाहीं, राजाचें नांव आहे. त्यांची अष्टकोनी मुद्राहि संस्कृत शब्दांची आहे. महाराजांचीं जीं जुनीं चित्रें आज उपलब्ध आहेत, त्यांपैकीं कित्येक युरोपांतील संग्रहांत आहेत. गडावरून सुटलेलें पत्र अस्सल कीं बनावट, हें मुद्रेवरून आणि अक्षरावरून ठरे. पत्र धाडणारा दिसावयास कसा आहे, याची पत्र वाचणारास गरज नसे. सामान्य रयतेच्या वांट्यास तर यांतील कांहींच येत नसे. त्याची ओळख म्हणजे त्याचा गांव, त्याचें कूळ आणि त्यास ओळखणारीं चार माणसें.

ही स्थिति पालटली ती १८३९ सालानंतर. त्या वर्षीं फ्रान्समध्यें दागेर याची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली, आणि त्याच वर्षीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं रॉबर्ट कॉर्नेलियस या तरुणानें स्वतःचेंच छायाचित्र स्वतः घेतलें. ‘सेल्फी’ या शब्दास ऑक्सफर्डच्या कोशकारांनीं २०१३ सालचा शब्द म्हणून गौरविलें. ती क्रिया मात्र छायाचित्रणाच्या जन्मवर्षाइतकीच जुनी आहे. तरीहि आरंभींचीं हीं चित्रें महाग असत आणि प्रत्येक चित्राची एकच प्रत निघे. तीं पेटींत जपून ठेवण्याची वस्तु होती. दूरच्या माणसास धाडण्याची नव्हे.

तसबीर हातोहात फिरूं लागली ती १८५४ सालीं. त्या वर्षीं पॅरिस येथील दिस्देरी नांवाच्या छायाचित्रकारानें एका युक्तीचें पेटंट घेतलें. अनेक भिंगें बसविलेल्या कॅमेऱ्यानें एकाच कांचेवर आठ लहान छायाचित्रें घ्यावयाचीं, एकाच वेळीं तीं कागदावर उतरवावयाचीं, आणि मग कापून भेटीच्या कार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर चिकटवावयाचीं, अशी ती युक्ति होती. आठ चित्रांची मेहनत एकाच चित्रावर आल्यामुळें किंमत एकदम उतरली. १८६० सालीं लंडनमध्यें मेयॉल या छायाचित्रकारानें राणी व्हिक्टोरिया आणि तिचें कुटुंब यांचीं असलीं चित्रें विक्रीस काढलीं, तेव्हां तर या वेडास भरतीच आली. जिच्या नाण्यावरील चेहऱ्याकडे प्रजा आजवर पाहत आली होती, ती राणी आतां मुलाबाळांसह लोकांच्या आल्बमांत जाऊन बसली. आणि त्याच आल्बमाच्या पुढच्या पानावर घरधन्याची स्वतःची तसबीर असे. चित्रें खिशांत सरकविण्याची सोय असलेले आल्बम दिवाणखान्यांतून दिसूं लागले. आलेल्या पाहुण्यानें आपलें चित्र द्यावें, यजमानाचें घ्यावें, आणि वर्षअखेरीस कोणाचा संग्रह मोठा हें मोजावें, असा प्रघात पडला. आजच्या समाजमाध्यमांवरील मित्रांची यादी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना हें वर्णन परकें वाटणार नाहीं.

या चित्रांतील थाट मात्र पुष्कळसा उसना असे. रंगविलेला पडदा, लांकडाचा पोकळ खांब, मखमलीचें आच्छादन, हातांत न वाचलेलें पुस्तक, हें सर्व छायाचित्रकाराच्या पदरचें. मान हलूं नये म्हणून पाठीमागें लोखंडी आधार लावीत. चेहऱ्यावरील सुरकुत्या पुसण्याकरितां कांचेवर हात फिरविणारे कारागीरहि होते. मोबाइलवरील ‘फिल्टर’ क्षणार्धांत जें करतो, तेंच काम ते पेन्सिलीनें करीत. माणूस जसा आहे तसा दिसावा ही इच्छा, आणि जसा व्हावयास हवा होता तसा दिसावा ही इच्छा, या दोन्ही त्या पुठ्ठ्यावर शेजारीं शेजारीं नांदत होत्या.

परंतु ज्यांना आपल्या चेहऱ्यावरहि हक्क नव्हता, अशा माणसांनीं या साधनाचा केलेला उपयोग इतिहासांत अधिक मोलाचा ठरला. अमेरिकेंतील फ्रेडरिक डग्लस हा गुलामगिरींतून पळून मुक्त झालेला वक्ता. त्याच्या काळीं छापील व्यंगचित्रांतून कृष्णवर्णीयांचे चेहरे विकृत करून दाखविले जात. डग्लसनें त्यावर उपाय काढला तो छायाचित्राचा. एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकनांत ज्याचीं सर्वाधिक छायाचित्रें निघालीं असा पुरुष म्हणून आज तो ओळखला जातो. त्याचीं सुमारें १६० निरनिराळीं छायाचित्रें ज्ञात आहेत. त्यांत तो नीटनेटक्या पोशाखांत, गंभीर मुद्रेनें, हास्याचा मागमूस न दाखवितां पाहणाराकडे रोखून पाहतो. छायाचित्र या विषयावर त्यानें १८६१ सालीं व्याख्यानहि दिलें होतें. त्याचीच समकालीन सोजर्नर ट्रूथ. हीहि जन्मानें गुलाम. लिहावयास वाचावयास येत नसलेली. तिनें डोक्यास पांढरी टोपी, अंगावर शाल, हातांत विणकाम अशा स्वतः ठरविलेल्या वेषांत छायाचित्रें काढविलीं, आणि तीं विकून प्रवासाचा व निर्वाहाचा खर्च भागविला. देहाच्या पोषणासाठीं आपण आपली छाया विकतों, अशा अर्थाचें वाक्य ती त्या कार्डांवर छापीत असे. १८६४ सालीं तिनें आपल्या तसबिरीचा स्वामित्वहक्क स्वतःच्या नांवें नोंदविला. जिचा देह एके काळीं दुसऱ्याच्या मालकीचा होता, तिनें आपल्या प्रतिमेची मालकी कायद्यानें आपल्याकडे घेतली. तसबिरीच्या इतिहासांत याहून अर्थपूर्ण नोंद क्वचितच आढळेल.

मुंबई या बाबतींत फारशी मागें नव्हती. १८५४ सालींच येथें छायाचित्रणाची संस्था निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यांत भाग घेणाऱ्या पहिल्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकीं होते. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्यांचे स्टुडिओ मुंबईंत चालूं लागले, आणि शेटसावकार व संस्थानिक यांच्या तसबिरी घरोघर दिसूं लागल्या. परंतु त्याच काळीं कॅमेऱ्याचा दुसराहि एक उपयोग सरकार करीत होतें. १८६८ ते १८७५ या वर्षांत ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नांवाचे आठ खंड प्रसिद्ध झाले. त्यांत साडेचारशेंहून अधिक छायाचित्रें असून त्यांतील पुष्कळ माणसें आपल्या नांवानें नव्हे, तर जातीच्या वा जमातीच्या नांवानें दाखविलीं आहेत. नाणेघाटांत नांव राहिलें आणि चेहरा गेला. येथें चेहरा राहिला आणि नांव गेलें. एकाच यंत्रानें एकास व्यक्ति म्हणून उभें केलें, आणि दुसऱ्यास नमुना म्हणून.

याच्या उलट १८८५ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांत घेतलेलें एक छायाचित्र पाहावें. त्यांत तीन विद्यार्थिनी आहेत : हिंदुस्थानच्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबूली. तिघींनीं आपापल्या देशाचा वेष परिधान केला आहे. समुद्रापार जाऊन डॉक्टर होऊं पाहणाऱ्या आनंदीबाई त्या चित्रांत लुगडें नेसून बसल्या आहेत. परदेशीं जाणारी स्त्री आपला आचार सोडील, या घरच्यांच्या शंकेस आणि हिंदु स्त्रीस विद्या झेपेल काय, या बाहेरच्यांच्या शंकेस त्या एका चित्रानें एकाच वेळीं उत्तर दिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. स्वतःची तसबीर स्वतः ठरविण्याचें सामर्थ्य तें हेंच. अर्थात् ही संधि फार थोड्या स्त्रियांस होती. पडद्यांतील स्त्रियांस परक्या पुरुषासमोर बसणें शक्य नसे, म्हणून राजा दीनदयाळ यांनीं १८९२ सालीं हैदराबाद येथें केवळ स्त्रियांकरितां एक स्टुडिओ काढला. तेथील कामहि एका स्त्रीकडेच सोंपविलें होतें. चित्र काढावयाची इच्छा होती. भीति होती ती नजरेची. हा भेद पुढें पुन्हां उपयोगीं पडेल.

विसाव्या शतकांत तसबीर हौसेची वस्तु राहून शिवाय सक्तीची वस्तु झाली. पॅरिसच्या पोलिसांतील बर्तियाँ यानें १८८० नंतरच्या दशकांत आरोपीचें एक समोरून आणि एक बाजूनें अशीं दोन छायाचित्रें घेण्याची पद्धति घालून दिली. नहपानाची ‘प्रोफाइल’ अशा रीतीनें कैद्याच्या कपाळीं आली. पहिल्या महायुद्धाच्या काळांत प्रवासाच्या परवान्यावर छायाचित्र चिकटविणें रूढ झालें. भारतांत १९९३ सालीं मतदारांना छायाचित्रासह ओळखपत्रें देण्याची योजना सुरू झाली. या चित्रांत डोळे सरळ, ओंठ मिटलेले आणि पार्श्वभूमि कोरी. माणसानें स्वतःविषयीं कांहींएक सांगूं नये, अशीच त्यांची रचना असते.

या पार्श्वभूमीवर इंटरनेटचें आगमन झालें. आरंभीं तेथें चेहरे नव्हतेच. तारांतून मजकूर तेवढा मंदगतीनें जाई. नांव, तेंहि बहुधा टोपण, आणि अक्षरें एवढाच ऐवज. मराठेशाहींतील पत्राप्रमाणें माणूस शब्दांवरून ओळखला जाई. पुढें चित्रांची सोय झाली तेव्हां त्यांस नांव मिळालें तें आपल्याकडील शब्दाचें. १९८५ सालच्या ‘अल्टिमा’ मालिकेंतील एका संगणकीय खेळानें, आणि त्याच सुमारास लुकासफिल्म कंपनीच्या ‘हॅबिटॅट’ या खेळानें ‘अवतार’ हा शब्द उचलला. नील स्टीफन्सन यांच्या १९९२ च्या कादंबरीनें तो जगभर नेला. देवानें पृथ्वीवर घेतलेलें रूप हा मूळ अर्थ. माणसानें पडद्यावर घेतलेलें रूप हा नवा. फूल, मांजर, क्रिकेटपटू, व्यंगचित्रांतील पात्र, कोणताहि अवतार घेण्याची तेथें मोकळीक होती, आणि कित्येक लाजऱ्या माणसांस या मोकळिकीनेंच वाचा फुटली.

२००४ साल हें या इतिहासांतील दुसरें वळण. त्या वर्षीं जानेवारींत गूगलचें ‘ऑर्कुट’ आणि फेब्रुवारींत ‘फेसबुक’ सुरू झालें. ऑर्कुट २०१४ सालीं बंद पडलें. परंतु त्यापूर्वीं भारतांतील एका पिढीनें आपलें पहिलें प्रोफाइल-चित्र तेथेंच लावलें. फेसबुक हें नांव अमेरिकन विद्यापीठांत नवागतांची ओळख व्हावी म्हणून निघणाऱ्या छायाचित्रांच्या पुस्तिकेवरून आलें. त्याचा पूर्वरंग मात्र ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. २००३ सालीं हार्वर्डमध्यें, पुढें फेसबुक काढणाऱ्या मार्क झुकरबर्ग यानेंच, वसतिगृहांच्या अशा नोंदींतून विद्यार्थ्यांचीं छायाचित्रें त्यांच्या संमतीवांचून घेऊन दोघांत अधिक देखणें कोण असा कौल लोकांस विचारला होता. तक्रारी झाल्या आणि तें पान कांहीं दिवसांतच बंद झालें. स्वतःचा चेहरा स्वतः मांडणें आणि दुसऱ्याचा चेहरा त्यास न विचारतां बाजारांत मांडणें, या दोन गोष्टींचा जन्म असा एकाच घरांत झाला.

आज मराठी कुटुंबांत डीपी हा एक स्वतंत्र आचारच झाला आहे. आजोबांच्या डीपीवर विठोबा, नव्या आईच्या डीपीवर तान्हें मूल, लग्न ठरलेल्या मुलीच्या डीपीवर जोडीचें चित्र, शिवजयंतीस घरोघर महाराज, आणि घरांत कोणी गेलें तर कोरा काळा चौकोन किंवा तेवती समई. एक शब्दहि न लिहितां आनंद, श्रद्धा, शोक आणि क्वचित् रुसवाहि आप्तांस कळविला जातो. समुदायाची ओळखहि याच वाटेनें व्यक्त होते. जून २०१५ मध्यें अमेरिकेंतील सर्वोच्च न्यायालयानें समलिंगी विवाहास मान्यता दिली, तेव्हां अडीच कोटींहून अधिक लोकांनीं आपल्या फेसबुकवरील चेहऱ्यावर इंद्रधनुष्याचे रंग चढविले. ऑगस्ट २०२२ मध्यें स्वातंत्र्याच्या पंचाहत्तर वर्षांनिमित्त पंतप्रधानांनीं आवाहन केल्यावरून असंख्य भारतीयांच्या चेहऱ्याच्या जागीं तिरंगा आला. अशा वेळीं मौजेचा एक पेंच पडतो : सर्वांचें चित्र एकसारखें झालें असतां, ज्यानें तें बदललें नाहीं तोच उठून दिसतो, आणि त्याच्या न बदलण्याचाहि अर्थ लावला जातो.

परंतु या आनंदपर्वास एक काळी किनार आहे. २०१७ सालच्या जूनमध्यें फेसबुकनें प्रथम भारतांत प्रोफाइल-चित्रास एक संरक्षक कवच देऊं केलें. चित्र दुसऱ्यानें उतरवून घेऊं नये, ही त्यामागील योजना होती. आपल्या चित्राचा दुरुपयोग होईल या भीतीनें भारतांतील अनेक स्त्रिया आपला चेहराच लावीत नाहींत, असें त्या कंपनीस आढळून आलें होतें. ही भीति निराधार नव्हती. जानेवारी २०२२ च्या आरंभीं शंभराहून अधिक मुसलमान स्त्रियांचीं छायाचित्रें त्यांच्या नकळत उचलून एका ॲपवर ‘लिलावास’ मांडण्यांत आलीं. त्यांत निर्भीडपणें लिहिणाऱ्या पत्रकार स्त्रियाहि होत्या. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेनें त्या प्रकरणीं अटका केल्या. त्याच्या सहा महिने आधीं असाच एक प्रकार घडून गेला होता. विक्रीस कांहींच नव्हतें. हेतु एवढाच होता कीं, या स्त्रियांनीं चेहरा झांकावा आणि गप्प बसावें. त्या दोन प्रकरणांमधील अंतर सहा महिन्यांचें. परंतु सोजर्नर ट्रूथनें आपल्या तसबिरीवर हक्क नोंदविल्यास तेव्हां दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं होतीं.

आणि आतां तर पाहणारा मनुष्यच असतो असेंहि नाहीं. इंटरनेटवरील खुल्या चित्रांतून तीन अब्जांहून अधिक चेहरे गोळा करून, कोणाहि अनोळखी माणसाचें नांव शोधून देणारी एक अमेरिकन कंपनी २०२० सालीं उजेडांत आली. हौसेनें लावलेली तसबीर अशा रीतीनें बर्तियाँच्या दप्तरांत जाऊन पडूं शकते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. कायद्याचा हात यंत्राइतका जलद चालत नाहीं, हें खरें. तरीहि ज्या हक्कासाठीं डग्लस आणि ट्रूथ एकेकटे झगडले, तो आतां निदान न्यायालयाच्या भाषेंत लिहिला गेला आहे, हें थोडें नव्हे.

या सर्व इतिहासांतून एक गोष्ट स्पष्ट होते. राजानें नाण्यावर चेहरा छापला तेव्हां प्रजेस तो पाहावाच लागे; सरकारनें परवान्यावर चेहरा मागितला तेव्हां प्रजेस तो द्यावाच लागे. या दोन सक्तींच्या मध्यें, आपण कसें दिसावें हें आपणच ठरविण्याची एक लहानशी जागा छायाचित्रानें सामान्य माणसास मिळवून दिली, आणि डीपीचें वर्तुळ ही तीच जागा होय. एखाद्या स्त्रीनें तेथें आपला चेहरा लावला किंवा जास्वंदीचें फूल लावलें, तर दोन्ही तिची ओळखच. मात्र तें फूल तिनें आवडीनें लावलें असावें, भीतीनें नव्हे. दुसऱ्याचें चित्र न विचारतां पुढें न धाडणें, ही साधी गोष्ट प्रत्येकाच्या हातांतील आहे. आणि घरांतील मुलांस ती शिकविण्यास कोणत्याहि कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं.